अप्पांच्या अंगठ्याखालचं नाणं

मी लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात नाणी जमवते. बाईमाणसानं साड्या जमवाव्यात, भिशी लावावी, नाणी कसली जमवायची, असं वाटणाऱ्यांची आमच्याकडे कमतरता नाही. माझा स्वभाव तापट असल्यामुळे हे तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढंच. सुरुवात निजामाच्या हाली सिक्क्यांपासून झाली. आमच्या भागात ते अजूनही कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या जुन्या ट्रंकेत सापडतात. मग इंग्रजी रुपये आले, मग परदेशी नाणी. नाणं जितकं कोरं तितकं भारी, एवढं एकच शास्त्र मला ठाऊक होतं. नाणं कडेनं धरायचं, त्याच्या तोंडावर बोट लावायचं नाही, त्याच्याकडे वाकून बोलायचंसुद्धा नाही, कारण थुंकी उडते. पाहुण्यांनी माझं एखादं नाणं हातात घेतलं की ते खाली ठेवेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

अशी मी. एका रविवारी दुपारी जेवण उरकून नाणीवाल्यांच्या एका ग्रुपवर फोटो बघत पडले होते, आणि एका फोटोपाशी अडकले.

नाणं अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचं होतं, एक औंस शुद्ध चांदीचं. हे नाणं बाजारात फिरायला पाडलेलंच नसतं. ज्याला चांदी घेऊन ठेवायची आहे त्यानं ती सरकारी छापासकट घ्यावी आणि कपाटात ठेवून द्यावी, एवढ्यासाठी ते पाडतात. त्याच्यावर एक डॉलर असं लिहिलेलं असतं खरं, पण नुसती आतली चांदीच त्याहून कितीतरी महाग. एक डॉलरच्या वस्तूसाठी ते दुकानदाराला कोण देईल? म्हणून जगातली ही नाणी जन्मली तशीच्या तशी राहतात, प्लास्टिकच्या गोल डबीत, कोरी करकरीत. फोटोतलं नाणं मात्र पार गुळगुळीत झालं होतं. त्याच्यावर एक बाई सूर्याकडे चालत निघालेली असते. ती पुसलेल्या फळ्यावर राहिलेल्या खडूइतकीच उरली होती. आणि ते नाणं एका पारदर्शक चौकटीत सीलबंद होतं. वर कंपनीची चिठ्ठी, तिच्यावर आकडा: १.

आता हा आकडा म्हणजे काय, ते सांगते. नाण्यांची प्रत ठरवून देणाऱ्या कंपन्या असतात. नाणं त्यांच्याकडे पाठवायचं, फी भरायची, विमा भरायचा, टपालाचा खर्च करायचा. तिथली माणसं ते दिव्याखाली, भिंगाखाली बघतात आणि एक ते सत्तरमधला आकडा देतात. सत्तर म्हणजे निर्दोष. एक म्हणजे तळ. नाणं कोणतं आणि कोणत्या सालचं, एवढंच कसंबसं ओळखू येतंय, बाकी सगळं गेलंय, तेव्हा एक. म्हणजे फोटो टाकणाऱ्या त्या गृहस्थानं पदरचे पैसे मोडून आपलं नाणं सगळ्यात वाईट आहे असं लिहून आणलं होतं. आणि खाली जगभरातली माणसं त्याचं अभिनंदन करत होती.

माझी पहिली प्रतिक्रिया: रिकामटेकडे आहेत मेले. वर्गात पस्तीस मार्कांवर पास झालेल्या पोरानं पेढे वाटावेत तसला प्रकार. पण मी वाचत गेले. चहाची वेळ टळली तरी वाचत राहिले. आणि हळूहळू माझं हसू गेलं.

कोरं नाणं कुणालाही मिळतं. टांकसाळ ती ढिगानं पाडते, आपण पैसे मोजायचे आणि घरी आणायचं. झिजलेलं मात्र कुठलीच टांकसाळ पाडत नाही. त्याला माणूस लागतो. जे नाणं कपाटात ठेवायचं, ते त्या माणसानं खिशात ठेवायचं ठरवलेलं असावं लागतं, आणि मग ते रोज, वर्षानुवर्षं, न विसरता जवळ बाळगावं लागतं. अशी नाणी मुळात इतकी कमी की, ती शोधणारे आणि तळाच्या आकड्यासाठी एकमेकांशी चढाओढ करणारे लोक तयार झालेत. मग लबाडही तयार झाले. कोणी वाळूत घोळवून झीज आणतं, कोणी पॉलिश पेपरनं घासतं, कोणी तेजाबात बुडवतं. घेणारा सातासमुद्रापार बसलेला, त्याला फोटोवरून काय कळणार? म्हणून ही फी. त्या चौकटीचा आणि आकड्याचा अर्थ इतकाच की, एका तिऱ्हाईत माणसानं नीट निरखून सांगितलंय, ही झीज खरी आहे, ही हाताखिशाची आहे. खऱ्याखोट्या झिजेतला फरक ओळखणारी माणसं पृथ्वीवर कुठेतरी एका खोलीत बसली आहेत आणि त्यासाठी लोक त्यांना पैसे देतात, हे वाचून मी खरंच थक्क झाले. आयुष्यभर मी नाण्यांना माणसांपासून वाचवत आले होते.

आणि मग मी ताडकन उठून बसले. कारण अगदी तसलं नाणं माझ्या वडिलांच्या चंचीत होतं.

अप्पा लोहा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. शेती करतात, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते बैलांसाठी. देवणीचा बैल घ्यायचा झाला की लोक त्यांना सोबत नेतात. माळेगावच्या जत्रेत तर त्यांना दोन घास खायला सवड मिळत नाही. कमरेला कायम चंची, म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची, दोरीनं ओढून बंद होणारी. तिच्यात सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी, लवंगा आणि एका कप्प्यात ते नाणं.

नाणं माझ्या धाकट्या भावानं दिलं होतं. तो अमेरिकेत नोकरीला गेला आणि पहिल्यांदा गावी आला तेव्हा पहिल्या पगारातून आईबापाला चांदी द्यावी म्हणून त्यानं आईला पैंजण आणले आणि अप्पांना हे नाणं. मखमली डबा, डब्यात प्लास्टिकची गोल डबी, डबीत नाणं, आणि त्याच्यावर त्याच वर्षाचं साल. त्यानं अप्पांना बजावून सांगितलं होतं, काढू नका, असंच ठेवा, हवा लागली की काळं पडतं. अप्पांनी मान डोलावली. भाऊ परत गेला त्याच दिवशी त्यांनी डबी अडकित्त्यानं फोडली.

हे भावाला कळलं ते पुढच्या खेपेला. जेवणं झाली होती. अप्पांनी सुपारी कातरायला चंची उघडली तसं सुपारीच्या भुग्यासोबत नाणं सतरंजीवर पडलं. काळं, ओरखड्यांनी भरलेलं. भावानं विचारलं, "डबी कुठंय अप्पा?"

"फोडली की. त्यात काय ठेवायचं."

 मी भावाला सोडायला हैदराबादपर्यंत गेले होते, तेव्हा गाडीत म्हणाला, "अक्का, ह्यांना काहीही दिलं तरी ते सुपारीतच जाणार." त्यानंतर त्यानं अप्पांसाठी विचार करून असं काही आणलं नाही. एकदा स्वेटर आणला, तोही दोन माप मोठा. फोनवरचं बोलणंही आटत गेलं. पाऊस हाय का? हाय. तब्येत? बरी हाय. दे आईकडं. दोघांत भांडण झालं असतं तर मी मध्ये पडले असते, पण भांडण नव्हतंच. एक जण दुखावला होता आणि दुसऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. मला दोघांचाही राग यायचा. अप्पांचा जास्त, कारण नाणं कसं ठेवावं याबद्दल माझी मतं तेव्हा काय होती, हे वर सांगितलंच आहे.

तो फोटो पाहिल्यावर पुढच्याच रविवारी मी अहमदपूरमार्गे एसटीनं लोहा आणि तिथून जीपनं गाव गाठलं. भिंग पर्समध्ये होतं. अप्पा अंगणात लिंबाखाली बसले होते. मी नाणं मागितलं. त्यांनी सुपारीचा भुगा झटकून ते माझ्या हातावर ठेवलं.

इतकी वर्षं ते नाणं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. भिंगाखाली धरलं आणि एकेक बाजू निरखत गेले. मागच्या बाजूला गरुडाचा थोडा पंख अजून शाबूत होता. पुढची बाजू मात्र पार सपाट झालेली. चालत निघालेल्या बाईचा चेहरा नाही, झग्याच्या चुण्या नाहीत, सूर्याची किरणं नाहीत. मध्यभागी किंचित खोलगट झालंय असं मला तरी वाटलं. सालातले दोन आकडे स्पष्ट होते, उरलेले दोन उजेडात तिरकं धरल्यावर दिसत होते. हे काही नुसतं सुपारीत लोळून झालेलं नव्हतं. सुपारीनं दोन्ही बाजू सारख्या गेल्या असत्या.

"ही एकच बाजू एवढी कशी झिजली अप्पा?"

त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी नाणं माझ्या हातून घेतलं आणि डाव्या मुठीत धरलं. अंगठा आपोआप त्या खोलगट जागेवर जाऊन बसला. मग म्हणाले, "बोलणी चालू असली की असं धरतोय. उजवा हात रुमालाखाली असतोय, डावा मोकळाच."

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याच्याआड एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. त्या वेळी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. अप्पांचा सगळा जीव त्या वेळी डाव्या मुठीत, त्या नाण्यावर असायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हणाले, "मग कपाटात का नाही ठेवलं? तो सांगून गेला होता ना?"

"पोराच्या पहिल्या कमाईचं हाय ते. कपाटात ठिवून काय करू? कपाटात जमिनीचे कागद हायत, ते म्या वर्षातून एकदा बी बघत न्हाई."

"हे त्याला कधी सांगितलंत?"

"त्याला काय सांगायचं? दिसत न्हाई का त्याला?"

दिसत होतं की. सुपारीतलं काळं नाणं, तेवढंच तर त्याला दिसत होतं.

मग मी त्यांना त्या कंपन्यांबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं, बराच वेळ लागेल. झिजलेल्या नाण्याचे लोक उलटे पैसे देतात म्हटल्यावर ते हसतील, मला वेड्यात काढतील. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"लोकं खोटं झिजवून बी आणत असतील?"

"आणतात ना. घासून आणतात."

"म्हंजे दात बघायलेत की ते."

आणि त्यांनी मला समजावलं, जणू कंपनी त्यांचीच आहे. बैलाचं वय दातांवरून ठरतं. शिंगं साळून, तासून गुळगुळीत करता येतात, कातडी तेल लावून चमकवता येते, पण दात वर्षानुवर्षं चारा खाऊनच झिजतात. लबाड माणूस म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा करून विकायला आणतो. चाऱ्यानं झिजलेला दात आणि कानशीनं घासलेला दात वेगळा दिसतो, तो ओळखायला अप्पांना लोक जीपचं भाडं भरून नेतात, चहा पाजतात, जेवू घालतात. "आपल्याला कळत न्हाई, तर कळणाऱ्याला घिऊन जावं. त्यात येडेपणा काय हाय?" एवढं म्हणून ते बैलाला पाणी दाखवायला उठले. मला जे समजायला अख्खी दुपार लागली होती ते त्यांना एका सुपारीत समजलं, याचं मला इतकं नवल वाटलं की मी परतीच्या एसटीत माझी मीच हसत होते.

अडचण अप्पांची नव्हतीच. समजावायचं होतं भावाला.

तो त्या वर्षी दिवाळीला आला. नाणं त्याच्यासोबत अमेरिकेत पाठवायचं, तिथून कंपनीकडे द्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्यानं विचारलं, काय हवंय, तर मी म्हणाले, अप्पांच्या नाण्याला आकडा आणून दे. त्यानं माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे कचऱ्याला हॉलमार्क."

मी चिडले. अप्पा बाहेर गोठ्यात होते म्हणून बरं. मी म्हणाले, "तू कोरं दिलं होतंस. तसली कोरी आज कितीही मिळतील, ऑर्डर कर, परवा घरी येईल. असलं एक मागवून दाखव मला." आणि नाणं त्याच्या हातात दिलं.

त्या सतरंजीवरच्या दिवसानंतर त्यानं ते पहिल्यांदा हातात घेतलं असेल. उलटंपालटं केलं. माझ्यासारखंच त्यालाही तेच दिसलं.

"ही बाजू जास्त का गेलीय?"

मी त्याला रुमालाचं आणि डाव्या मुठीचं सांगितलं. तो नाण्याकडे बघत राहिला. त्याचा अंगठा त्या खोलगट जागेवर होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, लहानपणी ते मला जत्रेला न्यायचे. मी कायम त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहायचो. बोलणी चालू असताना माझा हात धरून ठेवायचे. असाच अंगठा फिरवायचे, इथं, हाडावर. मला गुदगुल्या व्हायच्या, पण हसायचं नाही असं बजावलेलं असायचं."

मला हे माहीत नव्हतं. मुलींना कोण नेतं बैलाच्या बाजारात? मी त्याच्या हाताकडे बघितलं, मग नाण्याकडे, आणि मला रडू आलं. त्यानं नाणं शर्टाच्या खिशात ठेवलं नाही. आत जाऊन देवाजवळ ठेवलं, निघायच्या दिवशी घेऊ म्हणून.

इथंच सगळं नीट पार पडलं असतं. पण आमच्या घरात आई आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मी पूजेच्या ताटात पाहिलं. ताटात नाणं लखलखत होतं. आईनं ते पहाटे उठून आधी राखेनं, मग दंतमंजनानं घासलं होतं, धुऊन पुसलं होतं, आणि त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. इतक्या वर्षांचा तो काळसर रंग, हाताळून हाताळून चढलेली ती साय, सगळी गेली होती. आता ते एखादं घासलेलं निरांजन दिसावं तसं दिसत होतं.

"आई, काय केलंस हे!"

"काय केलं? परदेशात चाल्लंय, चार लोकं बघणार. असं काळं तोंड घिऊन पाठवायचं का घरातनं?"

तिची चूक तरी कशी म्हणू? आमच्या घरातून चांदीची कोणतीही वस्तू न घासता उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. लग्नात आहेराची वाटी असो की कुणाला तात्पुरता दिलेला करंडा, घासून, हळदकुंकू लावूनच जाते. पण नाण्यांच्या जगात घासणं हा गुन्हा आहे. तिथल्या माणसाला ते पहिल्या नजरेत कळतं. मग आकडा मिळत नाही, नुसतं "साफ केलेलं" असा शेरा मारून परत पाठवतात. मी आईला हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. आवाज गरजेपेक्षा बराच मोठा होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घाण ठिवली तर पास, आन् धुतलं तर नापास. कसली माणसं हायत ही?"

अप्पा दारात येऊन हे ऐकत उभे होते. त्यांना मात्र हसू आलं. त्यांच्या मते आईनं बैलाचे दात घासून दिले होते.

मी विचारलं, "आता काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? पुन्हा झिजवायचं. जुनी कळा येईल त्याला हळूहळू." त्यांनी ताटातून नाणं उचललं, धोतराला पुसलं, एकदा सवयीनं अंगठ्याखाली घेतलं. मला वाटलं, आता चंचीत टाकतील. पण त्यांनी ते भावापुढं धरलं. "तू ठिव खिशात. माझं लई दिवस झालं."

भावानं हात पुढे केला. पँटच्या खिशात किल्ल्या होत्या, त्यातच त्यानं नाणं टाकलं. मी म्हणणार होते, किल्ल्या काढ, ओरखडे पडतील. आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य गिळलं.

त्यानंतर भावाचे फोन वाढले. आधी मला, नाण्याबद्दल. विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये नाणं टाकलं तर तिथला माणूस म्हणाला, हे काय आहे, एवढं का झिजलंय, आणि ह्यानं सांगितलं, वडिलांचं आहे. मग एकदा म्हणाला, ऑफिसात साहेबासमोर पगाराची बोलणी चालू होती आणि हात आपोआप खिशात गेला. "डावा हात," तो मुद्दाम म्हणाला. मी म्हणाले, हे मला काय सांगतोस, त्यांना सांग. त्यानं सांगितलं असावं, कारण पुढच्या वेळी मी गावी गेले तेव्हा अप्पांनीच मला सांगितलं, पोराला बोलणी जमायला लागली म्हणून. पाऊस आणि तब्येत यांच्यापलीकडं त्यांचं काहीतरी चालू होतं. काय ते मी विचारलं नाही.

मला काळजी होती ती सालाची. उरलेले दोन आकडे पुसले गेले असते तर नाण्याचं साल कुणालाच वाचता आलं नसतं, मग आकडा कसला मिळणार? मी दर महिन्याला फोटो मागवायची. पांढरी झळाळी गेली, राखाडी रंग आला, मग कडेनं काळसर. एक दिवस फोटो बघून मी म्हणाले, बस, आता पाठव. तो म्हणाला, थोडे दिवस राहू दे ना. त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला आता ते खिशातून काढणं जड जातंय. शेवटी मीच ओरडले तेव्हा त्यानं पाठवलं.

आकडा आला: २. शेरा काही नाही. साफ केलेलं नाही, घासलेलं नाही. माझ्यातली नाणीवाली थोडी खट्टू झाली, तळ एका पायरीनं हुकला म्हणून. पण मी त्या चिठ्ठीचा फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. कुठल्याशा शहरातल्या खोलीत एका अनोळखी माणसानं दिव्याखाली हे नाणं धरलं होतं. त्याला लोहा ठाऊक नाही, माळेगाव ठाऊक नाही, सुपारी आणि रुमाल ठाऊक नाही. त्यात किती झीज बापाची आणि किती लेकाची, हे त्याला सांगता आलं नसतं, आणि त्यानं तसं काही लिहिलंही नव्हतं. त्यानं फक्त सांगितलं होतं की, ही खरी आहे. एवढ्याचसाठी लोक पैसे देतात. मला ते पैसे फार वाटले नाहीत.

अप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "दोन? दुदाती हाय म्हणा की मग." दुदाती म्हणजे नुकते दोन पक्के दात आलेला, ऐन उमेदीतला बैल. त्यानंतर भेटेल त्याला ते हे सांगत सुटले.

भाऊ पुढच्या दिवाळीला ती चौकट घेऊन आला. अंगणात लिंबाखाली अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी ती उलटीपालटी करून बघितली, चिठ्ठीवरचा आकडा बोटानं दाखवला, आईला हाक मारून दाखवला. मग डाव्या हातात धरली. अंगठा प्लास्टिकवर फिरला. एकदा, दोनदा.  हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते नाणं आता कुणालाच झिजवता येणार नव्हतं. पुरावा आणायच्या नादात मी त्यांच्या हातातली वस्तू काढून घेतली होती.

अप्पांनी चौकट भावाला परत दिली. "तू ठिव. ह्याचं काम झालं."

भावानं ती बाजूला ठेवली आणि खिशातून दुसरं काहीतरी काढलं. प्लास्टिकची गोल डबी. आत तसलंच नाणं, नवं, त्याच वर्षीच्या सालाचं, कोरं करकरीत. बाईचा चेहरा, झग्याच्या चुण्या, सूर्याची सगळी किरणं. माझा हात नकळत पुढे झाला, कडेनं धरावं म्हणून. पण भावानं अप्पांची चंची ओढून घेतली, अडकित्ता काढला आणि डबी पात्यात धरून दाबली. कट्‌ असा आवाज झाला. त्यानं नाणं बोटांनी उचललं, सगळ्या तोंडावर बोटं लावत, आणि अप्पांच्या हातावर ठेवलं.

अप्पांनी ते बघितलंसुद्धा नाही. सुपारीच्या कप्प्यात टाकलं.

"ह्याला किती वर्षं लागतील अप्पा?" भावानं विचारलं.

अप्पांनी चंचीची दोरी ओढली, गाठ मारली आणि कमरेला खोवली.

"माझ्याच्यानं होतील तेवढी म्या करतो," ते म्हणाले. "उरलेली तू कर."